लेकराच्या वाट्याचे दहा गुंठे



कुपोषण म्हटले की आपल्याला मेळघाट आठवतो. १९९३ साली धारणी-चिखलदऱ्याकडच्या बालमृत्यूंच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या आणि तेव्हापासून हा शब्द डोंगरातल्या आदिवासींच्या नावावर जो चढला तो चढलाच. आपल्या नगर जिल्ह्यात फार तर अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्याचे नाव निघते. शेवगाव, पाथर्डी, नेवासे, कर्जत, जामखेड इकडच्या कापूस-ज्वारीवाल्यांना मात्र वाटते, की हे दुखणे आपले नव्हे. घरात चार पोती दाणे आहेत, दारात दुभते आहे, कोणी उपाशी झोपत नाही. मग कसले आले कुपोषण?

सरकारचेच आकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते, की महाराष्ट्रात पाच वर्षांखालील दर शंभर मुलांत वयाच्या मानाने खुजी राहिलेली मुले २००५-०६ साली ४६ होती. २०१५-१६ साली ती ३४ वर आली. २०१९-२१ च्या पाहणीत ३५. म्हणजे दहा वर्षे उतार लागला आणि मग गाडा जागच्या जागी रुतला. त्याच शेवटच्या पाहणीत पाच वर्षांखालील शंभरातली ६९ मुले रक्ताने कमी निघाली. आणि सहा महिने ते दोन वर्षे या वयात पुरेसा व चौरस आहार मिळणारी मुले शंभरात किती? अवघी नऊ. बाकीची एक्याण्णव मुले काही सगळी डोंगरात राहत नाहीत. त्यातली पुष्कळ तुमच्याआमच्या ओसरीवर खेळत आहेत.

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे आहेत. पहिले उत्तर सरकारी बैठकीत मिळते : आई अडाणी आहे, तिला पोषण कळत नाही, तिचे प्रबोधन करा. मग भिंतीवर चित्रे रंगतात, सप्टेंबरात पोषण महिना साजरा होतो, पाककृतींच्या स्पर्धा होतात आणि बक्षिसाचा फोटो निघतो. दुसरे उत्तर आपल्याच बैठकीत मिळते : शेतमालाला भाव द्या, बाकीचे सगळे आपोआप सुटेल.

दुसरे उत्तर पहिल्यापेक्षा पुष्कळ खरे आहे. ज्याच्या हातात पैसा नाही त्याला आहाराचे धडे देणे ही क्रूर चेष्टा आहे. तरीही ते उत्तर पुरे नाही. त्याच राष्ट्रीय पाहणीत देशातली सर्व कुटुंबे ऐपतीप्रमाणे पाच भागांत वाटलेली आहेत. सर्वांत गरीब भागात शंभरातली ४६ मुले खुजी, हे समजू शकते. पण सर्वांत वरच्या, पक्क्या घरांच्या आणि मोटारगाड्यांच्या भागातही २३ मुले खुजी आहेत. पैशाने प्रश्न निम्मा झाला. उरलेला निम्मा पैशाने सुटलेला नाही. तो कशात अडकला आहे ते या लेखात तपासायचे आहे, आणि तेही आपल्याला कळणाऱ्या भाषेत. म्हणजे शेतीच्या हिशेबात.

एका लेकराला लागते किती?

सहा महिन्यांपर्यंत लेकराला आईच्या दुधाशिवाय काही लागत नाही, पाणीसुद्धा नाही. सहा महिन्यांनंतर आईचे दूध चालू ठेवून वरचे अन्न सुरू करायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने वरच्या अन्नातून दिवसाला सहा ते आठ महिन्यांच्या मुलाला सुमारे २०० उष्मांक लागतात, नऊ ते अकरा महिन्यांच्या मुलाला ३०० आणि एक ते दोन वर्षांच्या मुलाला ५५०.

सर्वांत मोठा आकडा घेऊ. ५५० उष्मांक म्हणजे आपल्या घरच्या मालात काय? ज्वारीचे पीठ ९० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, शेंगदाण्याचा कूट १५ ग्रॅम, थोडे तीळ आणि चमचाभर तेल. एवढ्यात जवळजवळ भागते. वर पालेभाजी, एखादे अंडे, वाटीभर दूध आले तर उत्तमच. ज्वारीत लायसिन हा प्रथिनांतला एक घटक कमी असतो. डाळीत तो भरपूर असतो. म्हणून भाकरी एकटी दिली तर अंगी लागत नाही आणि वरणात कुस्करून दिली तर लागते. आपल्या आज्यांना लायसिन हा शब्द ठाऊक नव्हता, पण भाकरी-वरण ठाऊक होते.

आता वर्षाचा हिशेब करा. ज्वारी ३३ किलो, डाळ सात किलो, शेंगदाणे साडेपाच किलो, तीळ-तेल दोन-दोन किलो. कोरडवाहू शाळवाचा एकरी उतारा साडेतीन क्विंटल धरला तर ३३ किलोला लागतात चार गुंठे. डाळीला दोन गुंठे, भुईमुगाला एक, तिळाला आणि तेलबीला एक. झाले आठ. वर दोन गुंठे चवळी-मेथी-भोपळ्याला सोडा. दहा गुंठे. पाऊस दगा देऊन उतारा निम्म्यावर आला तर वीस गुंठे, म्हणजे अर्धा एकर. ही ३३ किलो ज्वारी २०२५-२६ च्या मालदांडीच्या हमीभावाने, क्विंटलला ३,७४९ रुपयांनी धरली, तर साडेबाराशे रुपयांचीही होत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांकडे दहा गुंठे आहेत. ज्यांच्याकडे नाहीत त्यांनाही वर्षाला ३३ किलो ज्वारी मिळवणे सर्वस्वी अशक्य नाही. मग लेकराच्या वाट्याचे हे दहा गुंठे जातात कुठे? आमच्या मते ते चार वाटांनी जातात. एकेक वाट पाहू.

पहिली वाट : बाजाराची

एके काळी आपल्या रानात एकट्या पिकाची पेरणी क्वचितच होई. बाजरीत तूर आणि मटकी, शाळवात करडईचे पट्टे, कपाशीच्या ओळींत मूग-उडीद, बांधाला अंबाडी, हलक्या तुकड्यात हुलगा. पाऊस हुकला तर एखादे तरी पीक हाती लागावे हा त्यातला हिशेब होता. त्यातच नकळत घरच्या ताटाचाही हिशेब बसला होता.

२००२ साली देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत आपल्याकडच्या रानोरान सलग कपाशी झाली. शेतकऱ्याने नगदी पीक घेतले म्हणून त्याला कोणी बोल लावू नये. ज्वारी काढणीला माणूस मिळत नाही, पाखरे राखायला पोर मिळत नाही आणि भावाचा भरवसा नाही. त्याने ज्वारी सोडली यात नवल नाही. पण ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर जनावर कमी झाले आणि मिसळीच्या पिकांबरोबर घरची डाळ गेली. आता डाळ दुकानातून येते, आणि दुकानातून आलेली वस्तू हात आखडून वापरली जाते. घरच्या डाळीचे वरण घट्ट असते, विकतच्या डाळीचे पातळ. रेशनवर गहू-तांदूळ २०२३ पासून फुकट मिळतो आहे. त्याने पोट भरते. पण पोट भरणे वेगळे आणि अंग भरणे वेगळे.

दुधाचेही तेच. आपला जिल्हा दुधासाठी राज्यात नावाजलेला आहे. पहाटे किटली डेअरीवर जाते आणि घरात दीड-दोन वर्षांच्या पोरापुढे चहात बुडवलेली खारी किंवा बिस्कीट येते. चहाने भूक मरते, आणि जेवणातले लोह अंगी लागण्यात चहा आडवा येतो. कालवडीला किती दूध सोडायचे हे आपल्या गोठ्यात ठरलेले असते, कारण ती उद्याची गाय आहे. घरातल्या पोराला किती ठेवायचे हे मात्र ठरलेले नसते. डेअरीत घालून उरले तर त्याचे.

दुसरी वाट : वेळेची

अंगणवाडीच्या भिंतीवरच्या चित्रात लेकराच्या हातात भरलेले ताट असते. चित्र काढणाराला एक गोष्ट ठाऊक नसते. एक वर्षाच्या पोराचे पोट त्याच्या मुठीएवढे असते. भरल्या ताटातले ते एका वेळी वाटीभरच खाणार. म्हणून त्याला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा काहीतरी खाऊ लागतो. ते स्वतः खात नाही, त्याला भरवावे लागते. प्रत्येक वेळी अर्धा तास. म्हणजे घरातल्या कोणाचे तरी दिवसाचे दोन-अडीच तास या एका कामाला हवेत.

आता कापूस वेचणीचे दिवस डोळ्यांपुढे आणा. बाई पहाटे उठून पाणी, स्वयंपाक, धारा आटोपते आणि नऊच्या आत रानात पोचते. लेकरू एक तर झोळीत बांधावर किंवा घरी पाच-सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. वेचणीची मजुरी किलोवर असते. घास भरवायला बसले की तेवढे बोंड झाडावर राहते. म्हणून सकाळी एकदा आणि रात्री एकदा, असे दोन वेळा पोराचे खाणे होते. सकाळचे घाईत, रात्रीचे पेंगत. इकडे काट्यावर कापसाचे वजन वाढत असते तेव्हा तिकडे अंगणवाडीच्या काट्यावर लेकराचे वजन उतरत असते. या आईला आहार कळत नाही असे म्हणणाराने एक दिवस तिच्याबरोबर वेचणीला यावे.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडहून ऊसतोडीला जाणाऱ्यांची गोष्ट याहून कठीण. दिवाळीच्या आगेमागे कोयता निघतो तो मार्च-एप्रिलला परततो. सहा महिन्यांचे पोर कोपीत जाते आणि वर्षाचे होऊन येते. जे महिने त्याच्या वाढीचे, तेच फडात जातात. गावच्या अंगणवाडीच्या वहीत त्याच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ एवढा शेरा पडतो.

आणि अंगणवाडीत तरी काय मिळते? ही योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तिथला गरम आहार तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. तीन वर्षांखालच्यांना घरी नेण्याचे पाकीट. सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच सांगितले होते, की या आहारात ठेकेदार नकोत, तो गावातल्या महिला मंडळांकडून आणि बचत गटांकडून घ्यावा. पण राज्यात पुढेही वर्षानुवर्षे पाकिटे बंद गाड्यांतून येत राहिली. पोरांना चव लागली नाही म्हणून कित्येक ठिकाणी ती जनावरांच्या पाटीत गेली. म्हणजे ज्या वयात नुकसान होते त्या वयाला ना माणूस, ना ताजा घास.

तिसरी वाट : आईच्या अंगाची

शाळवाला पाणी द्यायचे तर साधारण चार अवस्था आपण मानतो. अठ्ठावीस-तीस दिवसांची वाढ, पन्नास-पंचावन्न दिवसांची पोटरी, मग फुलोरा, मग दाणे भरणे. एकच पाणी हाताशी असेल तर जाणता शेतकरी ते पोटरीत देतो. पोटरीत ताण बसला तर पुढे कितीही पाऊस झाला तरी कणीस भरत नाही. माणसाच्या लेकरालाही अशी पोटरी असते. आईच्या पोटातले नऊ महिने आणि जन्मानंतरची दोन वर्षे मिळून सुमारे एक हजार दिवस. उंचीचा पाया आणि मेंदूची बहुतेक वाढ याच दिवसांत होते. या दिवसांत बसलेला ताण पुढे शाळेतल्या खिचडीने भरून निघत नाही. असे मूल पाचवीत गेल्यावर ‘डोक्याने मंद’ ठरते. ते मंद जन्मलेले नसते. त्याला पोटरीत पाणी मिळालेले नसते.

या हजार दिवसांची सुरुवात आईच्या अंगात होते. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायांपैकी ५४ रक्ताने कमी आहेत. वीस ते चोवीस वयाच्या शंभरातल्या २२ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आहे. ऊसतोडीच्या गावांत तर उचल जोडप्यावर मिळते, म्हणून कोयता पुरा करायला पोरीचे लग्न उरकले जाते. जिचे स्वतःचे हाड भरलेले नाही तिच्या पोटात दुसरे हाड कसे भरणार? आणि ती जेवते केव्हा? सगळ्यांचे झाल्यावर. कालवण उरले तर कालवण, नाही तर मिरचीचा ठेचा. पोटुशीने जास्त खाल्ले तर मूल मोठे होऊन अडेल, अशी समजूत अजून काही घरांत आहे. मग दोन-सव्वादोन किलोचे पोर जन्मते आणि पहिल्याच दिवशी शर्यतीत मागे पडते.

गाय व्याली की तासाभरात वासरू चिकाला लावायचे, हे आपल्याकडे पोरसुद्धा सांगेल. वासराला चीक मिळाला नाही तर ते जगायचे नाही, हे आपण जाणतो. मग बाळंतिणीचा पिवळा चीक काही घरांत पिळून का टाकला जातो आणि पोराला मध-गूळपाणी का चाटवले जाते? गोठ्यातले शहाणपण माजघरात यायला कोणत्या सप्ताहाची वाट पाहायची?

चौथी वाट : पाण्याची

भरलेल्या पोत्याला उंदराने भोक पाडले तर वरून कितीही ओतले तरी पोते भरत नाही. महिन्यातून एकदा हगवण, पंधरा दिवस खोकला, पोटात जंत. खाल्लेले असे वाहून जाते. आजारी पोराची भूक मरते आणि आजारातून उठल्यावर त्याला जे जास्तीचे अन्न हवे ते मिळत नाही, की पुढचा आजार येतो. आपल्या दुष्काळी पट्ट्यात उन्हाळ्यात टँकर येतो. ते पाणी पिंपात आठवडाभर साठवायचे आणि त्यात हात घालून तांब्या बुडवायचा. म्हणून पाणलोटाचे काम हे नुसते पिकाचे काम नव्हे. तालीला जे पाणी मुरते ते विहिरीतून तान्ह्या पोराच्या वाटीत येते.

जामखेडने दाखवलेली वाट

हे सगळे बदलते का? बदलते, आणि त्याचा पुरावा लांब नाही. आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच कोरडवाहू जामखेड तालुक्यात आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. प्रकल्पाच्या गावांत तेव्हा जन्मलेल्या हजार मुलांतली सुमारे १७६ वर्षाच्या आत दगावत. पाच वर्षांखालील शंभरातली सुमारे ४० मुले कमी वजनाची होती. १९८० च्या दशकाच्या मध्यावर कमी वजनाच्या मुलांचे प्रमाण पाचांच्या आसपास आले, आणि १९९० च्या दशकात बालमृत्यू हजारी तिशीच्या खाली गेले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज दोघेही नाहीत. मेबलताई १९९९ साली आणि डॉ. रजनीकांत २०११ साली गेले. पण त्यांनी घालून दिलेली पद्धत आहे.

ती पद्धत काय होती? त्यांनी दवाखान्यात बसून पोरांची वाट पाहिली नाही. लोकांनी सांगितले, आधी पाणी आणि अन्न. म्हणून आधी विंधनविहिरी आणि अन्न. तरुण शेतकऱ्यांची मंडळे उभी केली. त्या मंडळांतल्या पुरुषांनी पोरांची वजने करण्यात हात लावला, सामुदायिक स्वयंपाक चालवला, पुढे माती-पाणी अडवले आणि झाडे लावली. गावानेच निवडलेल्या बाया आरोग्यसेविका झाल्या. त्यातल्या पुष्कळ निरक्षर होत्या, पुष्कळ दलित होत्या. त्या जामखेडला जाऊन शिकत आणि गावात येऊन सुईणपण, हगवणीवरचे मीठ-साखर-पाणी, लेकराचे खाणे हे सगळे घरोघर सांगत. ऐकणाऱ्या बायांना त्या आपल्यातल्याच वाटत, म्हणून त्यांचे ऐकले जाई.

यातली आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी, की त्या गावांची कोरडवाहू शेती काही रातोरात बागायती झाली नव्हती. जमीन तीच होती, पाऊस तोच होता. बदलले ते एवढेच, की लेकराचे वजन हा साऱ्या गावाचा विषय झाला, आणि पुरुषांनी तो ‘बायकांचा विषय’ म्हणून झटकला नाही.

आता आपण काय करायचे?

घरापासून सुरुवात करू. येत्या हंगामात ज्या घरात पोटुशी बाई किंवा तीन वर्षांखालचे पोर आहे, त्या घराने दहा गुंठे लेकराच्या नावाचे काढावेत. ज्वारी किंवा बाजरी, त्यात तूर-मूग, कडेला तीळ, चार वेल, शेवग्याचे झाड. बाजरी घेणाऱ्यांनी ‘धनशक्ती’ वाणाकडे पाहावे. त्यात लोह जास्त आहे. लोहयुक्त बाजरीची भाकरी आपल्याच जिल्ह्यातल्या वसतिगृहांतील बारा ते सोळा वर्षांच्या मुलांना देऊन पाहिली, तेव्हा चार महिन्यांत त्यांच्या शरीरातले लोह वाढले. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला आहे. आणि हे दहा गुंठे घरच्या बाईच्या हुकमतीत असावेत. त्यातला दाणा तिच्या शब्दाशिवाय बाजारात जाऊ नये. ही गोष्ट शेतकरी चळवळीला नवी नाही. १९९१ साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली, तीत पहिली सीताशेतीच होती.

दुसरे, वाटी बदला. वरणाचे पाणी हे अन्न नव्हे. वरणातली डाळ लेकराला आणि पाणी मोठ्यांना, असे उलटे करा. पोराच्या प्रत्येक वाटीत चमचाभर तेल किंवा कूट पडला पाहिजे. पोट लहान आहे, म्हणून घास जड हवा. डेअरीच्या किटलीत दूध ओतण्याआधी वर्षावरच्या पोराची वाटी बाजूला निघाली पाहिजे. आणि सुनेचे ताट सर्वांबरोबर वाढले गेले पाहिजे. हे शेवटचे काम सासूचे आहे असे आपण म्हणतो. ते घरातल्या कर्त्या पुरुषाचे आहे. तो जेवायला थांबला की सगळे थांबतात.

तिसरे, गावाने वेचणीच्या तीन महिन्यांत पाळणाघर चालवावे. दहा वेचणाऱ्या बायांमागे एक बाई लेकरांपाशी थांबली आणि तिला इतरांइतकीच मजुरी दिली, तर वेचणीचा खर्च दहाव्या हिश्शाने वाढतो. वेचणी किलोला दहा रुपये असेल तर एक रुपया. म्हणजे क्विंटलला शंभर रुपये. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये होता. त्याच्या सव्वा टक्क्याच्या आसपास ही रक्कम येते.

आणि इथेच सरकारशी आपले भांडण आहे. कृषिमूल्य आयोग उत्पादनखर्च काढतो तेव्हा घरच्या माणसांच्या मजुरीचे तास धरतो. पण ते तास जिच्या पोराच्या तोंडातून काढून रानात आणले, त्याचा खर्च कोणत्याही रकान्यात नाही. पाळणाघराचा खर्च कापसाच्या उत्पादनखर्चात धरा, ही मागणी आपण जिल्ह्यातून पुढे नेली पाहिजे. गिरणीवाल्यांसाठी २०२५ च्या ऑगस्टमध्ये कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क एका फटक्यात काढता येते आणि ती सवलत वर्षअखेरपर्यंत वाढवता येते. मग लेकरांसाठी सव्वा टक्का जड होतो, हे आम्ही ऐकून घेणार नाही.

बाकीच्या मागण्या नव्या नाहीत. कागदावर असलेल्याच द्यायच्या आहेत. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात प्रत्येक गरोदर बाईला किमान ६,००० रुपये लिहिले होते. पुढे २०१७ साली आलेल्या मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्याला ५,००० उरले. २०२२ पासून केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघराची सोय आहे. ती कापूस आणि ऊसतोडीच्या गावांना आधी मिळाली पाहिजे. साखर कारखान्याच्या तळावर अंगणवाडी गेली पाहिजे आणि गावचा शेरा नव्हे तर लेकराचा आहार त्याच्याबरोबर फडात पोचला पाहिजे. तीन वर्षांखालच्यांचा आहार गावातल्या बचत गटांनी गावच्या ज्वारी-डाळ-शेंगदाण्याचा करावा. त्याने आपल्या ज्वारीलाही गावातच गिऱ्हाईक मिळेल.

तालुक्याच्या प्रत्येक बैठकीत आपण पावसाचे आकडे सांगतो, कपाशीचा उतारा सांगतो, बाजारभाव सांगतो. पुढच्या बैठकीपासून प्रत्येक गावाने आणखी एक आकडा आणावा : आपल्या गावात तीन वर्षांखालची पोरे किती आणि त्यातली वजनाने कमी किती. अंगणवाडीताईंच्या वहीत तो आहे. विचारला तर त्या देतील. आजवर कोणी शेतकऱ्याने तो विचारला नाही एवढेच. आकडा आणणाऱ्या गावाने, त्यातल्या किती घरांनी दहा गुंठे काढले हेही सांगावे.

घामाचे दाम मागणे सोडायचे नाही. पण ते दाम येईपर्यंत लेकराचे हजार दिवस थांबत नाहीत. पेरणीची वेळ हुकली तर पुढच्या वर्षी पेरता येते. इथे पुढचे वर्ष नाही.